कशामुळे आणि कशावरून

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘मी नववी-दहावीला मराठी शिकवते. निबंधात आणि वादविवाद स्पर्धेच्या भाषणात मुलं तर्क, अनुमान, अंदाज, मत, निष्कर्ष हे शब्द वाटेल तसे वापरतात. एकाने लिहिलं, “माझा तर्क आहे की मोबाइल वाईट आहे, कारण त्याच्यामुळे गुण कमी होतात.” मी समासात “नीट विचार करून लिही” असा शेरा मारते. पण म्हणजे नेमकं काय कर, हे मलाच सांगता येत नाही. मागच्या वर्षी चाळीस शब्दांची यादी करून पाठ करून घेतली. व्याख्या आल्या, लिखाण तसंच राहिलं. निम्म्या मुलांच्या घरी हिंदीमिश्रित बोली आहे, तीही आड येते. आठवड्यातून एक तास माझ्या हाती आहे. सुरुवात कुठून करू?’

ताई,

यादीतले शब्द चांगलेच असतील. पाठांतराने ते हाती लागत नाहीत, एवढंच. ‘अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष’ ही व्याख्या घ्या. एका अवघड शब्दाच्या जागी दोन अवघड शब्द आले. आंबा दाखवून ‘हा आंबा’ म्हणता येतं, निष्कर्ष तसा बोटाने दाखवता येत नाही. विचाराचा प्रत्येक शब्द कुठल्या तरी प्रश्नाला बांधलेला असतो आणि तो प्रश्न कानावर पडला की शब्द उलगडतो. म्हणून यादी सध्या कपाटात ठेवा. मुलांना आधीच येणाऱ्या मराठीपासून सुरुवात करा, आणि तीही क्रियापदाच्या शेवटापासून.

सीताबर्डीच्या बसथांब्याचा प्रसंग फळ्यावर मांडा. बस डोळ्यांदेखत निघून गेली तर मूल म्हणतं, ‘बस गेली.’ वेळ टळून वीस मिनिटं झालीत आणि थांबा रिकामा आहे, तर ‘गेली असणार.’ थांब्यावर नेहमीपेक्षा माणसं कमी दिसतात एवढीच खूण असेल तर ‘गेली असावी.’ घरातूनच उशिरा निघालं, थांबा अजून दिसलाही नाही, तर ‘गेली असेल’, घरच्या बोलीत ‘गेली असन’. चहाच्या टपरीवरच्या काकांनी सांगितलं तर ‘गेली म्हणे.’ आणि ‘पाच मिनिटं आधी निघालो असतो तर मिळाली असती’ हा सहावा प्रकार, न घडलेल्या गोष्टीचा.

पाहिलं, पक्क्या खुणेवरून ताडलं, कच्च्या खुणेवरून ताडलं, खुणेशिवाय धरून चाललो, ऐकलं, आणि कल्पून पाहिलं. आपल्याला एखादी गोष्ट कशी कळली हे मराठी क्रियापद स्वतःच सांगून टाकतं. बोलताना मुलं यात सहसा चुकत नाहीत. निबंधाला बसली की मात्र सगळे शेवट गळतात आणि एकटा ‘आहे’ उरतो. आजची पिढी आळशी आहे, मोबाइल वाईट आहे, खेड्यातली माणसं साधी आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं आणि मनाने धरलेलं एका सुरात येतं, मग वाचणाऱ्याला वजन कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही.

पहिला तास यालाच द्या. वर्तमानपत्रातला आठ-दहा वाक्यांचा परिच्छेद घ्या, वाक्यांना क्रमांक द्या, आणि प्रत्येक वाक्य बातमीदाराला कसं कळलं असेल ते मुलांना ठरवू द्या. मग त्यानुसार शेवट बदलून तोच परिच्छेद पुन्हा लिहायला सांगा. एक अडचण दुसऱ्या आठवड्यात हमखास येईल. ‘असावा’ लिहिलं की बाई ओरडत नाहीत हे मुलांच्या लक्षात येतं आणि ‘पृथ्वी गोल असावी’ इथपर्यंत मजल जाते. तेही तितकंच चूक आहे असं स्पष्ट सांगा. जिथे खात्री आहे तिथे ‘आहे’ म्हणण्याची जबाबदारी घ्यायला हवी. शेवट निवडायचा तो माहितीच्या वजनाप्रमाणे, सुरक्षित वाटतो म्हणून निवडायचा नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या वाक्यातल्या ‘कारण’ या शब्दाकडे येऊ. मला यादीतला एकच शब्द शिकवायला मिळाला तर मी हाच घेईन. ही दोन वाक्यं पाहा:

रस्ता ओला आहे, कारण पाऊस पडला.
पाऊस पडला असावा, कारण रस्ता ओला आहे.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण दुसऱ्या वाक्यात ओल्या रस्त्याने पाऊस पाडलेला नाही. पहिलं ‘कारण’ गोष्ट कशी घडली ते सांगतं. दुसरं ‘कारण’ आपण तसं का मानतो ते सांगतं. एकच शब्द दोन कामं करतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. सुदैवाने मराठीत या दोन कामांना दोन वेगळे प्रश्न आहेत: कशामुळे? आणि कशावरून? रस्ता कशामुळे ओला झाला? पावसामुळे. पाऊस पडला हे कशावरून? रस्त्यावरून. ‘मुळे’ घटनेकडे नेतो, ‘वरून’ पुराव्याकडे. तुमच्या मुलांच्या बोलीतला ‘काहून’ हे दोन्ही प्रश्न गिळून बसतो, प्रमाण मराठीतला ‘का’ही तेच करतो. म्हणून वर्गात कुणी ‘काहून?’ विचारलं की लगेच उलट विचारायचं: कशामुळे म्हणतोस की कशावरून?

शाळेत एका बाजूचा सराव भरपूर होतो. विज्ञानाच्या स्वाध्यायात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असतं, ते सगळं कशामुळे. तिथे विधान खरं आहे हे पुस्तकानेच सांगून ठेवलेलं असतं, मुलाने फक्त घडण्याची रीत सांगायची. निबंधात विधान मुलाचं असतं आणि ते खरं धरायला कुणी बांधील नसतं. तिथे कशावरून लागतं, आणि मूल सवयीने कशामुळेच देतं. ‘मोबाइलमुळे गुण कमी होतात, कारण मोबाइल पाहिल्याने अभ्यासाला वेळ उरत नाही.’ रीत सांगून झाली. पण गुण कमी होतात हे कशावरून? कुणाचे, कधी मोजले, कुणाशी ताडून पाहिले? यातलं काहीच आलं नाही. रीत पटण्यासारखी असली की घटना घडलीच असं वाटतं. हा चकवा मोठ्यांनाही रोज बसतो.

‘का’ला तिसरंही तोंड आहे: कशासाठी? वादविवाद स्पर्धेत ते उघडतं. ‘विरोधी वक्ते असं का म्हणतात? कारण त्यांना टाळ्या हव्यात.’ इथे समोरच्याचा पुरावा तसाच राहिला आणि त्याच्या मनातल्या इराद्यावर बोट ठेवलं गेलं. इरादा वाईट असला तरी म्हणणं खरं असू शकतं. गंमत अशी की न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, ‘हेतू’ या शब्दाचा अर्थ ‘कशावरून’ असा आहे. आजच्या मराठीत तोच शब्द ‘कशासाठी’कडे सरकला आहे. जुने ग्रंथ वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

न्यायशास्त्राचा विषय निघालाच आहे तर त्यातली पाच पायऱ्यांची मांडणी वर्गात नक्की आणा. नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या आगीचं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. ही नावं मात्र पाठ करायला लावू नका. प्रतिज्ञा म्हटलं की मुलांना ‘भारत माझा देश आहे’ आठवतं आणि उदाहरण म्हटलं की गणितातलं. मुलांकडून फक्त तिसरी पायरी लिहून घ्या, कारण तीच ती नेहमी गाळतात. ‘मोबाइल आहे म्हणून गुण कमी’ असं लिहिणाऱ्याला त्याच्याच हाताने लिहू द्या: ‘जिथे जिथे मोबाइल, तिथे तिथे गुण कमी.’ ते वाचून तो स्वतःच मान वर करील. वर्गात पहिली येणारी मुलगीही मोबाइल वापरते. नियम उघड्यावर आला की त्याची चूक दाखवायला शिक्षक लागत नाही.

पुढची पायरी गणिताच्या शिक्षकांबरोबर करा. नववीच्या भूमितीत ‘सशर्त विधाने आणि व्यत्यास’ हा भाग आहे, दहावीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे. म्हणजे ‘जर-तर उलटं केलं की ते आपोआप खरं होत नाही, वेगळं सिद्ध करावं लागतं’ हे मुलांना शिकवून झालेलं असतं. ते भूमितीच्या वहीतून बाहेर येत नाही, एवढंच. नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, याच गोष्टीला तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलं आहे. जिथे धूर तिथे आग हे खरं. पण जिथे आग तिथे धूर? लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा पाहा, आग आहे आणि धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, हे खरं आहे. रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला, हे मात्र तेवढ्यावर ठरत नाही. टँकर गळत गेला असेल, नळाची पाइपलाइन फुटली असेल. तोंडी सरावाला रोज एक वाक्य पुरतं: ‘हे उलट केलं तरी खरं राहतं का?’

आणि मुळात धूरच नसला तर? थंडीच्या पहाटे तळ्यावरचं धुकं लांबून धुरासारखं दिसतं. खूणच खोटी, मग पुढची मांडणी कितीही निर्दोष असो. अशा चुकीला न्यायशास्त्रातल्या हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या हेतूंच्या, यादीत ‘असिद्ध’ म्हणतात. याचा तुमच्या मुलांच्या आठवणीतला नमुना नागपुरातच घडला आहे.

३० मे २०२४ रोजी नागपूर परिसरातल्या हवामान खात्याच्या चार स्वयंचलित केंद्रांपैकी एकावर पारा ५६ अंश दिसला, दुसऱ्यावर ५४. आकडा देशभर फिरला. उरलेल्या दोन केंद्रांवर ४४ च्या आसपास नोंद होती. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की त्या दोन ठिकाणचे संवेदक बिघडले होते.

नववीतल्या मुलाला हे त्याच संध्याकाळी ओळखता आलं असतं का? आलं असतं, आणि त्यासाठी लागणारे तीन शब्द तुमच्या यादीत नक्की असतील. पहिला तारतम्य. हा शब्द ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून बनला आहे, लसावितल्या लघुतममध्ये आहे तोच ‘तम’. कमी, त्याहून कमी, सगळ्यात कमी, अशी प्रतवारी मनात असणं म्हणजे तारतम्य. नागपूरचा तोवरचा उच्चांक ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. देशाचा ५१, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. जगाचा ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. म्हणजे ५६ खरं मानायचं तर नागपूरने देशाचा उच्चांक पाच अंशांनी मोडला आणि जगाच्या उच्चांकाच्या एका अंशाच्या आत जाऊन बसलं. एवढ्या मोठ्या दाव्याला तेवढाच मोठा पुरावा लागतो. दुसरा शब्द पडताळा. गणितात वजाबाकीचा पडताळा बेरजेने घेतो, म्हणजे वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचतो का ते पाहतो. तीच बातमी चार ठिकाणी वाचली तर तो पडताळा होत नाही, चारही जण एकाच यंत्राचा आकडा सांगत असतात. शेजारच्या केंद्राचा पारा पाहणं हा पडताळा. इथे क्रियापदाचा सहावा शेवट कामाला येतो: ५६ खरं असतं, तर शेजारच्या केंद्रांवरही पन्नाशीच्या आसपास काही तरी दिसलं असतं. ते दिसलं नाही. तिसरा शब्द खातरजमा. म्हणजे मनाची शंका मिटेपर्यंत चौकशी, इथे यंत्राची तपासणी. ती खात्याने केली. वर्गाला ती करता येत नाही, पण तोवर ‘५६ अंश नोंद झाली म्हणे’ एवढंच म्हणून थांबता येतं.

‘म्हणे’वर थोडं आणखी बोलायला हवं, कारण मुलांची बहुतेक माहिती त्याच दाराने येते. ऐकीव म्हणजे टाकाऊ, असं शिकवू नका. आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला ऐकूनच कळलेली असते. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या बरोबरीने शब्द हे चौथं प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन, मानलं आहे, पण अट घालून: तो आप्ताचा शब्द हवा. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने त्यात स्पष्ट म्हटलं आहे की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू होते. म्हणजे बोलणाऱ्याची जात, वय, पदवी विचारायची नाही. विचारायचे ते दोनच प्रश्न: याला हे स्वतः माहीत आहे का, आणि हा आहे तसं सांगतो आहे का? आजच्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, त्यामुळे काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की ते खरंच असणार असं मुलांना वाटतं. काका दुसऱ्या प्रश्नात पूर्ण उतरतात, ते मुद्दाम खोटं सांगणार नाहीत. पहिल्या प्रश्नात अडकतात. ते स्वतः पाहिलेलं सांगत नसतात, आलेलं पुढे पाठवत असतात.

हिंदीबद्दल. मुलांच्या हिंदीला दोष देऊ नका. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथली मराठी दोन भाषांच्या सहवासात वाढली आहे. तीन शब्द तेवढे जोडीने शिकवा, बाकीचे आपोआप सुधारतील. हिंदी बातमीत ‘बारिश का अनुमान’ असतो, मराठीत तो पावसाचा अंदाज. मराठीत अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेलं, ज्याला ‘कशावरून’ विचारता येतं. अंदाजाला ‘किती चुकू शकतो?’ हा प्रश्न विचारायचा. दुसरा शब्द तर्क. हिंदीत ‘तर्क देना’ म्हणजे बाजू मांडणं, मराठीत त्याला युक्तिवाद करणं म्हणतात. मराठीत ‘तर्क लढवला’ म्हटलं की तो अटकळीकडे झुकतो, आणि ‘तर्कशुद्ध’ म्हटलं की पुन्हा शिस्तीकडे येतो. तुमच्या विद्यार्थ्याने ‘माझा तर्क आहे’ लिहिलं तिथे त्याला ‘माझं मत आहे’ किंवा ‘माझा मुद्दा असा की’ म्हणायचं होतं. तिसरा आपत्ती: हिंदीत हरकत, मराठीत संकट. ‘मला आपत्ती आहे’ असं मराठी भाषणात म्हटलं तर परीक्षक चमकतील, तिथे ‘माझा आक्षेप आहे’ हवं.

मत आणि आवड यांची सरमिसळ याहून नुकसानीची आहे. ‘हे माझं मत आहे’ असं म्हटलं की पुढे कुणी बोलायचं नाही, अशी मुलांची समजूत झालेली असते. तर्री पोहा मला साध्या पोह्यापेक्षा आवडतो, ही आवड. तिला कशावरून विचारणं वेडेपणाचं. ‘रोज सकाळी तर्री पोहा खाल्ल्याने पित्त वाढतं’ हे मत, आणि त्याला कशावरून विचारलंच पाहिजे. मराठीतलं ‘मला वाटतं’ दोन्हीकडे चालतं, म्हणून ते वाक्यात दिसलं की विचारायचं: वाटतं म्हणजे आवडतं, की असं आहे असं म्हणायचंय?

लहान शब्दांना अर्धा तास वेगळा द्या. ‘च’ हा मराठीतला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महागडा शब्द. ‘मुलंच मोबाइलवर वेळ घालवतात’ म्हटलं तर मोठी माणसं घालवत नाहीत असा दावा झाला. ‘मुलं मोबाइलवरच वेळ घालवतात’ म्हटलं तर मैदानावर नाही, टीव्हीसमोर नाही. ‘मुलं मोबाइलवर वेळ घालवतातच’ म्हटलं तर एकही अपवाद नाही. च एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि पुरावा देण्याचं ओझं बदलतं. मुलांना एकच वाक्य देऊन च फिरवायला सांगा आणि प्रत्येक वेळी विचारा, हे खोटं पाडायला काय दाखवावं लागेल? तसंच ‘सगळी मुलं आली नाहीत’. एकही आलं नाही, की काही आली नाहीत? वाक्यातून कळत नाही. ‘एकही मूल आलं नाही’ किंवा ‘काही मुलं आली नाहीत’ असं लिहायचं. सर्व, बहुतेक, बरेच, काही, एखादा ही उतरंड फळ्यावर कायम लिहून ठेवली तरी चालेल.

बाकीचे शब्द, म्हणजे मीमांसा, ऊहापोह, चिकित्सा, विवेचन, मुलांच्या वाचनात येतील तेव्हा सांगावेत. दहावीच्या मुलाला ते स्वतः वापरायची घाई नाही. ‘निष्कर्ष’ आणि ‘निर्णय’ मात्र वेगळे करून द्या. निष्कर्ष काय आहे ते सांगतो, निर्णय काय करायचं ते. ‘मोबाइलमुळे झोप कमी होते’ हा निष्कर्ष खरा ठरला तरी मोबाइल काढून घ्यायचा, की रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हा निर्णय वेगळा राहतो.

तुमच्या तासाची आखणी. पहिले दोन आठवडे क्रियापदाचे शेवट, पुढचे तीन कशामुळे आणि कशावरून, मग दोन आठवडे ‘जिथे जिथे, तिथे तिथे’ आणि व्यत्यास, एक आठवडा च आणि सगळे. वहीच्या पानावर तीन रकाने आखून घ्या: काय म्हणतो, कशावरून, कुठे चुकू शकतं. रोज घरी ऐकलेलं एकच वाक्य त्यात भरायचं. तिसरा रकाना बहुतेक रिकामा येईल. तो भरायची सक्ती पहिल्या महिन्यात करू नका, नाही तर मुलं ‘काही नाही’ लिहून मोकळी होतील. आधी तुम्ही फळ्यावर दोन-तीन भरून दाखवा.

सत्राचा प्रकल्प म्हणून नवतपा घ्या. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे, साधारण २५ मेपासूनचे, नऊ दिवस. ते तापले तर पाऊस चांगला, असं विदर्भात घरोघरी म्हणतात. आकडे पाहण्याआधी दोन गोष्टी ठरवून वहीत लिहा: ‘तापला’ म्हणजे नऊ दिवसांत किती दिवस किती अंशांच्या वर, आणि ‘चांगला’ म्हणजे जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा जास्त की आणखी काही. आकडे पाहून मग व्याख्या केली तर व्याख्या आकड्यांकडे झुकते, म्हणून हा क्रम मोडू देऊ नका. मग हवामान खात्याच्या आणि कृषी विभागाच्या नोंदींवरून वीस वर्षं चार कप्प्यांत टाका: तापला आणि पाऊस चांगला, तापला आणि पाऊस कमी, तापला नाही तरी पाऊस चांगला, तापला नाही आणि पाऊस कमी. लोकांच्या आठवणीत फक्त पहिला कप्पा असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली ती लक्षात राहते, कावळा बसून फांदी मोडली नाही ते दिवस कुणी मोजत नाही. उत्तर काय येईल ते मुलांना आधी सांगू नका. आणि उत्तर कसंही आलं तरी वीस वर्षांच्या नोंदीवर ‘सिद्ध झालं’ लिहू देऊ नका. ‘या वीस वर्षांत असं दिसतं’ किंवा ‘दिसत नाही’, एवढंच.

एक काळजी घ्या. मुलं घरी जाऊन आजीला ‘कशावरून?’ असं तोंडावर विचारतील आणि तक्रार तुमच्याकडे येईल. शंका आणि संशय यांतला फरक तेव्हा शिकवा. शंका गोष्टीबद्दल असते, संशय माणसावर असतो. ‘आजी, हे तुला कुणी सांगितलं होतं?’ ही शंका झाली आणि आजीला सांगायला आवडेलही. ‘तू उगाच काहीही सांगतेस’ हा संशय.

शेवटी तुमच्या शेऱ्याबद्दल. ‘नीट विचार करून लिही’ याच्या जागी समासात चारपैकी एकच प्रश्न लिहीत जा: पाहिलं की ऐकलं? कशावरून? सगळेच? उलट केलं तर? एका निबंधात दोनपेक्षा जास्त ठिकाणी लिहू नका, लाल शाईने भरलेलं पान मूल वाचत नाही. आणि ज्याने स्वतःहून ‘हे मला नक्की माहीत नाही’ असं लिहिलं असेल, त्याचा त्या वाक्यासाठी अर्धाही गुण कापू नका.

मोबाइलचं ते वाक्य त्या मुलाला परत द्या. समजा त्याने वर्गातल्या मुलांना विचारून नोंद केली, तर तो असं काही लिहील: ‘आमच्या वर्गातल्या चाळीस जणांना मी विचारलं. रात्री अकरानंतर मोबाइल पाहणाऱ्या बाराजणांपैकी नऊजणांचे घटक चाचणीत मागच्या वेळेपेक्षा गुण कमी आले. न पाहणाऱ्या अठ्ठावीसपैकी दहाजणांचेही कमी आले. यावरून रात्रीच्या मोबाइलचा काही परिणाम होत असावा असं माझं मत आहे. पण ते झोपेमुळे की आणखी कशामुळे, हे मला यावरून सांगता येत नाही.’